इंग्रजी पॅरेग्राफ शिकवताना टॉपिक सेंटेन्स (परिच्छेदाचा मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य) आधी लिहून घ्यायचं की नंतर शोधायचं?

धागाकर्ती, अशोक चौक
माझ्या संध्याकाळच्या क्लासला कॉलेजची मुलं येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. सुटी वाक्यं बरी लिहितात, पण पॅरेग्राफ म्हटलं की घोळ. आपल्या सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेवर लिहायला दिलं, तर एकीनं लिहिलं: "गड्डा इज इन जानेवारी. देअर आर सेव्हन नंदीध्वज. माय अंकल लिव्हज इन बार्शी. होम मैदान इज व्हेरी क्राउडेड." व्याकरण ठीक आहे, पण बार्शीच्या काकांचा इथे संबंध काय? म्हणून माझं ठाम मत आहे, की या पातळीला टॉपिक सेंटेन्स आधी लिहून घ्यायचं आणि त्याला धरून नसलेलं वाक्य सरळ खोडायचं.

होटगी रोड
ताई, अजिबात पटलं नाही. लेखनाचे अभ्यासक रिचर्ड ब्रॅडक यांनी १९७४ साली अमेरिकन मासिकांतले लेख तपासले, तेव्हा जेमतेम १३ टक्के परिच्छेद टॉपिक सेंटेन्सनं सुरू झालेले निघाले. मुरलेले लेखक जे करत नाहीत, ते पोरांवर का लादायचं? आधी ठरवायला लावलं की पोरगं "गड्डा इज व्हेरी फेमस" लिहितं आणि तिथंच अडतं, कारण त्यावर पुढं बोलण्यासारखं काही उरतच नाही. आणि काकांना खोडू नका. त्या मुलीला विचारा, ते तिथं का आले. मला तर तिथं एक वाक्य गाळलेलं दिसतं.

टॉवेलवाला, एमआयडीसी
मी ताईंच्या बाजूनं. आमच्याकडून टेरी टॉवेल परदेशात जातात, मेल मी लिहितो. माल उशिरा निघणार हे पहिल्याच वाक्यात नसेल, तर खरेदीदार खालची कारणं वाचत बसत नाही. क्लासच्या पोरांना उद्या असलंच लिहायचंय, मासिकातले लेख नव्हे.

धागाकर्ती, अशोक चौक
@होटगी रोड, विचारलं तिला. काका दर संक्रांतीला नंदीध्वजांची (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक बघायला येतात आणि तिला गर्दीतून अक्षता सोहळ्याला घेऊन जातात. हे वाक्य यायलाच हवं होतं, मान्य. पण भरल्या वर्गात प्रत्येकाला असं विचारत कसं बसायचं? परीक्षेत तर विचारायला कुणीच नसतं.

जि. प. शिक्षक, मोहोळ
तुम्ही विचारू नका, शेजारच्याला विचारू द्या. जोड्या लावायच्या, प्रत्येक वाक्यापुढं जोडीदारानं फक्त "मग?" किंवा "का?" लिहायचं. उत्तर पुढच्या वाक्यात सापडलं नाही की तिथं भर घालायची. कच्चा मसुदा असा भरला की टॉपिक सेंटेन्स मुलं स्वतःच काढतात. ते पहिलं ठेवायचं की नाही, हे वाचणारा कोण आहे त्यावर. टॉवेलवाल्यांच्या मेलमध्ये पहिलंच हवं.
आणि "मोरओव्हर, हाउएव्हर" असल्या जोडशब्दांची पाठ केलेली यादी काही दिवस बंदच करा हो! "देअर आर सेव्हन नंदीध्वज"नंतर "दे गो टू सिक्स्टी-एट लिंगाज" लिहिलं की त्या "दे"नंच दोन्ही वाक्यं बांधली जातात.

होटगी रोड
यादी बंद, याला माझा पाठिंबा. पण सर, "मग? का?" हे मराठीत विचारू द्यायचं की इंग्रजीतच? माझा अनुभव, मराठीत विचारलं की मुलं भरभरून सांगतात, आणि लिहायला बसली की त्यातलं निम्मं गळतं.