बेलमार्श आणि तीन भिंतींचा तुरुंग

'परदेशी संशयितांना नागरिकांचे हक्क कुठले, धोका आहे तोवर आत ठेवलं तर बेकायदा कसं?' असा मुद्दा दहशतवादाच्या संशयितांबद्दल मांडला जातो, तो मला अजिबात पटत नाही. नेमका हाच युक्तिवाद ब्रिटनमध्ये हरला आहे. 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्याने तिथे परदेशी संशयितांना आरोपपत्राशिवाय, लंडनच्या बेलमार्शसारख्या तुरुंगात, बेमुदत डांबता येत होतं. डिसेंबर 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जणांनी ती तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. ब्रिटिश संशयित तितकेच धोकादायक असूनही बाहेर आणि परदेशी तेवढे आत, हे समर्थन टिकलंच नाही. शिवाय देश सोडून जायची या कैद्यांना मोकळीक होती, म्हणजे तुरुंगाला भिंती तीनच, चौथी बाजू उघडी. एकजण फ्रान्सला गेला, तिथे चौकशी करून त्याला सोडून दिलं! मग तो इतका धोकादायक होता तर जाऊ कसं दिलं?

फारशी न मांडली जाणारी गोष्ट म्हणजे या कायद्याचं मूळ एका भारतीयाच्या खटल्यात आहे. करमजितसिंग चहल यांना 1990 पासून सहा वर्षं हद्दपारीच्या नावाखाली कोठडीत ठेवलं होतं. भारतात छळाचा धोका असल्याने त्यांना पाठवता येणार नाही, असं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं. परत पाठवता येत नाही, खटला भरायचा नाही, म्हणून सरकारने ही बेमुदत कोठडीची वाट काढली. आणि लॉर्ड्सच्या निकालानेही लगेच कोणी सुटलं नाही. मार्च 2005 मध्ये या कोठडीऐवजी आलेले नवे निर्बंध तर ब्रिटिश नागरिकांनाही लागू झाले.