अनुभव धागा: जन्मदाखला नाही आणि पोराचा पासपोर्ट काढायचाय

निपाणीची_लेक
काल बहिणीचा फोन. दाजी दुबईला, आता हिला नि बाळाला जायचंय. बाळ 2024 चं. दाखला? "काढायचा राहिला गं." कपाळावर हात मारला, कारण हेच मी केलेलं. लेक माझ्या माहेरी झाली. डिस्चार्ज कार्ड, बाळंतविडा, बारसं, सगळं झालं, दाखला तेवढा राहिला. 2018 ला पासपोर्टच्या काउंटरवर लेकीचं निळं आधार (लहान पोरांचं आधार कार्ड) पुढं केलं. बाईंनी उलटसुलट बघितलं, लेकीकडं बघितलं (ती त्यांच्या टेबलावरचा शिक्का चाटायच्या बेतात), आणि चालून गेलं.
आता नाही चालत. 2025 ला नियम बदलला, 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही नाही. तुमचं काय काय झालं ते सांगा, बहिणीला वाचून दाखवायचंय.

रंकाळा_चक्कर
आधी सांगा तिला, नोंद जिथं जन्म तिथंच मिळते. माझ्या जावेनं दोन दिवस कोल्हापुरात हेलपाटे घातले. पोरगं झालंय गडहिंग्लजला!

घाटावरचा
माझंच सांगतो, पासपोर्ट काढताना मी पोर नव्हतो पण. जन्म 7 फेब्रुवारी 1989. त्यावेळचा नियम, 26 जानेवारी 1989 पासून पुढचा जन्म असेल तर दाखलाच पाहिजे. बारा दिवसांनी हुकलो. जन्म भुदरगडातल्या वाडीवर, सुईण आज्जीच्या हातनं, नोंद कुठली? आधी ग्रामपंचायतीतनं 'नोंद आढळत नाही' असा कागद, मग वकील, मग कोर्टाचा आदेश, मग नोंद, मग दाखला. हे झाल्यावर 2016 च्या डिसेंबरात सरकारनं ती अटच काढून टाकली. आई म्हणते, जरा लवकर आला असतास तर.

निपाणीची_लेक
@घाटावरचा बारा दिवस 😂 आई बरोबर बोलतात.

दुधाची_किटली
आमच्याकडं दाखला होता, नावाच्या जागी नुसती रेघ. सासूबाई आणि आत्याबाईंचं नावावरनं पटेना, तोवर पोरगी चालायला लागली. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पहिल्या वर्षात फुकट, नंतर विलंब शुल्क. घालताना स्पेलिंग आपल्या पासपोर्टशी ताडून बघा. माझ्या नावात एक ए जास्त पडलाय, अजून निस्तरतेय. कुकर झाला, येते.

शिरोळकर
2019 च्या पुरात आमची सगळी फाईल गेली. दाखला तेवढा प्लास्टिकमध्ये होता, तरी ओला. बायकोनं सुती धोतर घालून वरनं इस्त्री फिरवली. कागद वाचला, शाई पसरून 3 चा 8 झाला. नोंद रजिस्टरात होती म्हणून नवीन प्रत मिळाली, दाखला हरवला तर घाबरू नका. धोतर अजून निळं आहे.

तांबडा_पांढरा
आता पुण्याला जावं लागतं का? आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे पुण्यात उतरून मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात गेलेलो, सव्वा वर्षाचं पोरगं काखेत. अधिकारी म्हणे फोटोत डोळे उघडे पाहिजेत. ते झोपलंय! चार वर्षांच्या आतल्यांना पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो, आम्हाला कुठं माहीत.

रंकाळा_चक्कर
@तांबडा_पांढरा नाही, इथंच पोस्टात होतं आता. अनेक्श्चर डी (आईबापाच्या संमतीचा फॉर्म) वर आईबाप दोघांच्या सह्या लागतात, दाजी दुबईत असतील तर ते आधी विचारा.

निपाणीची_लेक
अगं बाई, हे लक्षातच नव्हतं. तिला लावते फोन.

घाटावरचा
आमच्या पुतण्याच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आलेले. "अर्जदार कुठं कामाला?" अर्जदार खाली रांगत त्यांच्या बुटाची लेस ओढत होता.

शिरोळकर
चहा पाजला का नाही?

घाटावरचा
पाजला की. भजी पण.

दुधाची_किटली
परत आले. भजी कशाची?