क्रांतीनंतरचा क्युबन सिनेमा: घरातल्या पुरुषाला खरंच जाब विचारला का?

सह्यकडा:
क्युबात १ जानेवारी १९५९ ला हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि मार्चमध्येच नव्या सरकारनं ‘इकाइक’ ही सिनेमासंस्था काढली. तेवढ्यावरून तिथल्या सगळ्या सिनेमाला प्रचारपट म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. उंबेर्तो सोलासचा ‘लुसिया’ (१९६८) बघा. तीन काळांतल्या तीन लुसिया. तिसरी क्रांतीनंतरची, शेतात राबणारी. नवरा तोमास क्रांतीचा कट्टर माणूस, पण संशयानं इतका पेटलेला की बायकोला घरात कोंडून खिडक्यांना फळ्या ठोकतो. शहरातून आलेला साक्षरता मोहिमेतला तरुण तिला अक्षरं शिकवतो. त्याच मोडक्यातोडक्या अक्षरांत ती चिठ्ठी लिहिते: मी जाते, मी गुलाम नाही. क्रांती उंबरठ्याबाहेर अडलीये, हे सरकारी पैशावर सांगायला धमक लागते.

निळावंती:
साफ असहमत. पुरुषी अरेरावीवर टीका हे सरकारचंच धोरण होतं. १९७५ च्या कुटुंब कायद्यात नवऱ्यानं घरकामाचा वाटा उचलावा असं लिहिलंय, आणि चारच वर्षांनी ‘तेरेसाचं चित्र’ हा सिनेमा आला. त्यात जोखीम कसली? जोखीम काय असते ते ‘पीएम’ला विचारा. हवानाच्या बारमधली रात्र दाखवणारा जेमतेम पंधरा मिनिटांचा लघुपट, १९६१ मध्ये बंदी. त्याच वादात कास्त्रो म्हणाले, क्रांतीच्या आत सगळं, विरोधात काही नाही. समलिंगी पुरुषांना १९६५ पासून श्रमछावण्यांत धाडलं, आणि त्यांच्या छळाला हात घालणारा ‘स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट’ कधी आला? १९९३!

सह्यकडा:
‘पीएम’ आणि छावण्या, दोन्ही मान्य, आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण ‘तेरेसा’चा शेवट आठवा. बाहेर प्रकरण करून परतलेला नवरा विनवण्या करतोय. ती विचारते, मी हेच केलं असतं तर? तो म्हणतो, ते वेगळं. ती उठून रस्त्यावरच्या गर्दीत चालू लागते. कायदा होऊन चार वर्षं झाली तरी त्याच्या तोंडून तेच उत्तर येतं. याला तुम्ही सरकारी जाहिरात म्हणाल?

खडूफळा:
तुम्हा दोघांच्याही यादीत सारा गोमेझ नाही, याचं वाईट वाटलं. इकाइकमध्ये कथापट करणारी पहिली बाई, तीही कृष्णवर्णीय. १९७४ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी दम्यानं गेली. तिचा सिनेमा ‘दे सिएर्ता मानेरा’ अर्धा राहिला तो आलेआ आणि गार्सिया एस्पिनोसा या दिग्दर्शकांनी पुरा केला, १९७७ मध्ये लागला. आई आजारी असल्याची थाप मारून कामावर दांडी मारणाऱ्या मित्राला त्यातला नायक मारिओ कामगारांच्या सभेत उघडं पाडतो, आणि मग तोच तळमळतो: मी मर्दासारखा वागलो नाही. सभेत बरोबर, मित्रांत चूक. मध्येमध्ये झोपडपट्टी पाडणारा लोखंडी गोळा भिंतींवर आदळत राहतो. घरं नवी मिळाली, माणूस जुनाच.

निळावंती:
‘दे सिएर्ता मानेरा’बद्दल वाद नाही, तो मलाही फार मोठा वाटतो. पण तोसुद्धा बोट ठेवतो ते वस्तीतल्या जुन्या सवयींवर. सत्ता चालवणाऱ्यांवर नाही. माझा मुद्दा अजून तिथंच आहे.