लाईट आली आणि लिहिणं थांबलं. चौथ्या वहीला धक्का हवाय

विरी

नमस्कार. मी केळशीची, म्हणजे सासर केळशी. दापोलीत एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी आणि मधे व्हाउचरं. लेखिका वगैरे अजिबात नाही. शाळेत निबंधालासुद्धा कधी बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचं बावीस गुंठ्यांचं आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, एका दुपारीत झोपलं. पोफळी (सुपारीची झाडं) एकमेकींच्या अंगावर, त्या माडांवर, आणि एक माड थेट गोठ्यावर. निम्मी कौलं गेली. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. आमच्याकडचा वडही आडवा झालेला, तर बायकांनी आडव्याच वडाला सूत गुंडाळलं.

मग पंचनामा. सुपारी किती, नारळ किती, लिहा. मदत आधी हेक्टरी जाहीर झाली. इथे कोणाकडे हेक्टर आहे? सगळा कारभार गुंठ्यांचा. नंतर झाडामागे दर ठरला, सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. सासूबाई पडवीत बसून सगळं ऐकत होत्या. माणसं गेल्यावर म्हणाल्या, "आकडा लिहून नेला मेल्यांनी. नावं कोण लिहिणार?"

कारण आमच्या झाडांना नावं होती. गोदीचा माड (गोदीआत्याने लावलेला), बाळंतिणीचा माड (घरातल्या बाळंतिणीला नारळ त्याचाच), मास्तर नावाची एक सरळसोट पोफळ, आणि तिच्या शेजारी वाकडी. त्या रात्री मुलाची अर्धी कोरी वही घेऊन बसले. लाईट यायला महिन्याहून जास्त गेला, फोनला रेंज नव्हती. कंदिलाच्या उजेडात सासूबाई सांगायच्या, मी लिहायची. कोणी कोणतं झाड लावलं, पाट कुठून कसा फिरायचा, रहाटाला बैल कोणता होता, बेडी (सालासकट सुपाऱ्या) सोलायला कोण कोण बायका यायच्या आणि सोलताना कोणाच्या घरची भांडणं निघायची. तीन वह्या भरल्या.

मग लाईट आली. टीव्ही आला. एसटी सुरू झाली. चौथ्या वहीत आज अकरा पानं आहेत.

पहाटे पाचला उठून बघितलं, पाणी भरण्यात वेळ जातो. एसटीत बघितलं, आपली वळणं तुम्हाला माहीतच आहेत. दिवाळीच्या सुट्टीत बसले तर पाहुणे. नवरा "छान चाललंय" म्हणतो, एक पान वाचलेलं नाही. मुलगा म्हणतो व्हिडिओ कर. जाऊबाई तेवढ्या उत्साहाने विचारतात, पण वेगळ्याच कारणाने: "आमचं काय लिहिलंयस गं त्यात?"

सासूबाई आता ८३ च्या आहेत. २०२१ च्या पावसात लावलेल्या रोपांतल्या एका पोफळीला यंदा पहिली पोय (फुलोरा) आली. ती बघून पोटात गोळाच आला. झाडाने आपलं काम केलं, मी नाही.

तुम्ही लोक कसं पुरं करता? कोणी सोबतीला लागतं का? घरचं नसेल तर कुठून आणता?

गाळ_उपसणारा

ताई, मी चिपळूणचा. सोबतीचं नंतर बोलू. आधी एक सांगा, तिन्ही वह्यांचे फोटो काढलेत का?

काढले नसतील तर हे वाचणं थांबवा आणि काढा. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे पाणी आलं, २२ जुलै २०२१ ला परत आलं. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. दोन्ही वेळा त्यातल्या पुस्तकांचा लगदा झाला. माझ्या वडिलांच्या रोजनिश्या पहिल्याच पुरात गेल्या. ट्रंकेत होत्या, माळ्यावर ठेवायच्या राहिल्या होत्या. मी "एकदा निवांत बसून उतरवून काढू" असं म्हणत होतो. तो निवांतपणा कधी आला नाही, पाणी आलं.

खिडकीजवळ दिवसा, वही सपाट ठेवून, एका वेळी एकच पान. मेलवर स्वतःलाच पाठवा आणि घराबाहेरच्या एका माणसाला पाठवा. शाईपेन असेल तर जास्त घाई करा, बॉलपेन थोडं तग धरतं.

लिहिण्याच्या उत्साहाबद्दल मी काय सांगणार. माझा पत्ताच कटला.

पेटीवाल्याचो_नातू

गो बाये, मी वेंगुर्ल्याचो. माझो आजो दशावतारात पेटी वाजवी. दशावतारात लिवलेला कायच नसता. आख्यान ठरता, राजा कोण, राक्षस कोण ता ठरता, आणि मगे जा तोंडात येता ता बोलाचा. रात्रभर. सही करूक येय नाय अशी माणसा राजाचा भाषण अशी करीत की पोरा झोप इसरत.

तू लिवतंस म्हणान अडकतंस. सासूक बोलूक सांग, मोबायल बाजूक ठेव. लिवचा काम मगे. आणि ती सांगता तसाच लिव, शाळेतल्या बाईसारख्या सुधरू नको. "मेल्यांनी" ह्या तू वर लिवलंस ना, तां सगळ्यात बरा होता.

रोज_एक_पान

मी रत्नागिरीत असते, स्पर्धा परीक्षा देते आणि चोरून कादंबरी लिहिते (आईला माहीत नाही, तिच्या मते मी चालू घडामोडी वाचते).

अमेरिकेत १९९९ मध्ये एकवीस जणांनी एक खूळ काढलं होतं, एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी. पुढे ते नोव्हेंबरात व्हायला लागलं आणि जगभर पसरलं. दिवसाला १,६६७ शब्द पडतात. ते चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण मी दोन नोव्हेंबर करून बघितले. पहिल्या वेळी नवव्या दिवशी आडवी. दुसऱ्या वेळी एक मैत्रीण बरोबर होती, तिला रोज रात्री फक्त आकडा पाठवायचा. मजकूर नाही, आकडा. ३१ हजारांपर्यंत गेले. फरक फक्त तिचा होता. रात्री अकराला तिचा आकडा यायचा आणि मला लाज वाटायची.

तुम्हाला १,६६७ नकोच. पण दर रविवारी रात्री नऊला एक पान मला पाठवा, मी माझं पाठवते. चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, "पोचलं" एवढंच.

मुरुडकर

मी मुरुडचा, हर्णैशेजारचा. माझंही आगर त्याच दुपारी गेलं.

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. हे पुरं करायचंच असं कोणी सांगितलं? आगर कधी "पुरं" होतं का? आज शिंपणं, उद्या खत, परवा झाप काढा. वही पण तशीच चालू द्या. छापायचं वगैरे डोक्यात घेतलंत की भाऊबंद वकिलाकडे जातील. जाऊबाईंचा प्रश्न मला तरी निरागस वाटत नाही. आमच्याकडे एका सामायिक विहिरीवरून बावीस वर्षं बोलणं बंद आहे. त्यात कोणी पुस्तक काढलं असतं तर काय झालं असतं, विचारूच नका.

बाकी पहिल्या पोयीबद्दल अभिनंदन. माझ्या पोफळी अजून नुसत्या विऱ्याच (पानांच्या बुडाची आवरणं) टाकतायत.

विरी

सगळ्यांचे आभार. एवढ्या लोकांनी वाचलं हेच मला नवीन आहे.

गाळ_उपसणारा, तुमचं वाचून त्याच दिवशी रजा टाकली. २१२ फोटो निघाले. दुसऱ्या वहीची कड वाळवीने धरली होती, मला पत्ताच नव्हता. एक प्रत नाशिकच्या नणंदेला पाठवली.

वेंगुर्लेकर, रेकॉर्डिंग मागे करून बघितलं होतं. मोबाईल समोर ठेवला की सासूबाई आकाशवाणीवर आल्यासारख्या बोलतात. "नमस्कार. आमचे येथे पूर्वी सुपारीचे उत्पन्न बरे होते." मेल्या-बिल्या सगळं गायब. वही आणि पेन दिसलं तरच त्या नीट बोलतात. मी लिहायला मागे पडले की थांबतात, मग "झालं?" म्हणून पुढे जातात. आता कळतंय, पहिल्या तीन वह्यांत तेच चाललं होतं. मी लिहीत नव्हते, आम्ही दोघी लिहीत होतो. चौथीला मी एकटी बसायला लागले, पहाटे पाचला, त्या झोपलेल्या असताना.

मुरुडकर, राग नाही. पण आगर पुढच्याने शिंपलं तर चालतं. हे माझ्यानंतर कोण लिहिणार? मुलाला मास्तर कोणती आणि वाकडी कोणती तेही माहीत नाही, आणि आता दाखवायला दोन्ही नाहीत. छापायचं नाही, ते मात्र तुमचं ऐकते. टाइप करून चार प्रती काढीन, चार घरांसाठी.

आता गेल्या रविवारचं. रात्री आठला मी मेन स्विच पाडला. खरंच पाडला. मुलाची मॅच चालू होती, त्याने घर डोक्यावर घेतलं. नवरा मीटर बघायला बाहेर गेला, मी म्हटलं राहू दे, तासाभरात येईल. कंदिलात रॉकेल कुठलं आता, मेणबत्ती लावली. सासूबाई अंधारात जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वही आण."

मी तिसऱ्या वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवलं, गोदीचा माड वादळात पडला ते. तर म्हणाल्या, "चुकलंस. तो पडला नव्हता. पाडला." वादळाच्या आदल्या उन्हाळ्यातच. का, कोणी आणि त्या लाकडाचं काय झालं हे सगळं सांगितलं, दीड पान झालं. पंचनाम्यात मात्र तो माड मोजला गेला होता, अडीचशे रुपयांना. हे त्या पाच वर्षं पोटात ठेवून होत्या, कारण मी त्यांना तिसरी वही कधी वाचून दाखवलीच नव्हती.

जाऊबाईंना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

रोज_एक_पान

मेन स्विच! मी हसत सुटले, आईने विचारलं चालू घडामोडींत एवढं काय आहे.

रविवारी नऊला वाट बघते. ते दीड पान पाठवलंत तरी चालेल, मी कोणाला दाखवणार नाही.

विरी

पाठवलं. तुमचंही पोचलं.

आणि मुरुडकर, तुम्ही शिंपणं म्हणालात त्यावरून आठवलं. सासूबाई विचारत होत्या, तुमच्याकडे रहाटाच्या माळेला लोटे मातीचे होते की पत्र्याचे? आमच्याकडे दोन्ही होते असं त्या म्हणतात, नवरा म्हणतो फक्त पत्र्याचे. चौथ्या वहीचं तेरावं पान तिथे थांबलंय.