पंपाच्या खोलीतले डबे भंगारात देऊ नका!

सेक्रेटरी (ए-101): सर्व सभासदांना नमस्कार. पंपाच्या खोलीत जुनी मोटार, बदललेल्या तोट्या आणि नट-बोल्टांचे दोन डबे पडून आहेत. रविवारी भंगारवाला येतोय. कुणाची हरकत असेल तर आजच कळवा.

बी-204 काकू: दादा, डबे देऊ नका. पोळा तोंडावर आलाय. पोरांकडून बैलजोडी करून घेऊ, खाली मंदिरापाशी पुजायला ठेवता येईल. आमच्या परभणीकडं घरोघरी मातीचे बैल पुजतात. इथल्या पोरांनी ते हातानं कधी केलेच नाहीत.

बी-105: काकू, मातीचे ना? मग नट-बोल्ट कशाला?

सी-402 काका: मी सांगतो. वाळूजच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, रिजेक्ट पार्ट फेकायला अजूनही जिवावर येतं. मागच्या पोळ्याला नातीसाठी एक बैल केला, फोटो टाकलाय बघा. पाय म्हणजे 8 एमएमचे चार बोल्ट, डोकी खाली. खूर आपोआप झाले आणि बैल डगमगत नाही. शिंगं दोन स्प्लिट पिना (दुहेरी पायांच्या तारेच्या पिना) वाकवून केली. शेपूट क्लच वायरची, टोकाच्या तारा उसवल्या की झाला गोंडा. घुंगरमाळ बारक्या पितळी नटांची, चिंचेनं घासून घेतली. धड, वशिंड आणि मुस्काट तेवढं मातीचं. खरा वेळ वशिंडावर घालवा, बैलाचा सगळा रुबाब तिथं असतो. आणि बोल्ट मातीनं झाकू नका. हा बोल्ट आहे हे दिसलं पाहिजे आणि तरी तो पाय वाटला पाहिजे.

बी-105: काका, लईच भारी! आटे तसेच दिसायलेत पायावर.

डी-104 ताई: काका, मी गेल्या वर्षी शाडूचा मोर केला होता, पिसाऱ्याला खिळे खोवले होते. तिसऱ्या दिवशी पाठीला चीर गेली आणि खिळ्यांभोवती तांबूस डाग पडले. फार वाईट वाटलं, दोन रात्री बसले होते त्याच्यावर.

सी-402 काका: ताई, हात तुमचा चुकला नाही. शाडू वाळताना आकसते, लोखंड आकसत नाही. माती खिळ्याला आवळत जाते आणि जिथं थर पातळ तिथं फुटते. डाग गंजाचा, ओल्या मातीत लोखंड राहिलं म्हणून. शाडूच वापरायची तर माती ओली असताना बोल्ट खुपसून जरा गोल फिरवा, भोक सैल करा आणि काढून घ्या. बैल सावलीत सावकाश वाळू द्या, बोल्ट शेवटी चिकटवा. दुसरा रस्ता पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मातीचा. तिच्यात पाणीच नसतं, त्यामुळे आकसणं नावालाच. साधारण 130 अंशांवर भाजते, तेवढ्या आचेनं लोखंडाला काही होत नाही, म्हणून बोल्टासकट भाजता येते. रबरी वायसर आणि प्लॅस्टिकचे बुश आधी काढायचे. नेमकं तापमान आणि वेळ पाकिटावर असते, तीच पाळा.

डी-104 ताई: केकचा ओव्हन चालेल का?

सी-402 काका: खाण्याचा नको. मायक्रोवेव्ह तर नकोच, आत धातू आहे. ही माती पीव्हीसीची असते, आच जास्त झाली की करपते आणि विषारी धूर निघतो. माझा जुना ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) गच्चीवर याच कामाला ठेवलाय, तोच वापरू. भाजताना मी स्वतः उभा राहीन.

ई-201 मॅडम: काका, यावरून तेर आठवलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुन्या काळचं तगर नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून जोडलेल्या, आतून पोकळ. मी आठवीच्या पोरांना घेऊन गेले होते. एका बाईच्या केसांचा अंबाडा इतका बारीक कोरलाय की मुली काचेपासून हलेनात.

सी-402 काका: मॅडम, पोकळ ठेवण्यातच सगळी करामत आहे. जाड गोळा वरून वाळतो, आत ओला राहतो, मग तडकतो. आपणही पॉलिमर क्लेच्या धडाच्या आत चांदीचा कागद (ॲल्युमिनियम फॉइल) चुरगळून भरू, वरून सगळीकडं सारखा थर. माती वाचते आणि बैल हलका होतो.

ए-303: माझा धाकटा तीन वर्षांचा आहे. सगळं तोंडात घालतो.

सी-402 काका: त्याला रंगवायला बसवू, तेही आईच्या मांडीवर. छर्रे, बारके नट आणि बटन सेल लहानग्यांच्या आसपास नकोतच. जुन्या स्पीकरचं चुंबकही कुणी आणू नका. दोन चुंबकं पोटात गेली तर आतडं चिमटतं. डबे आधी मी निवडून घेतो, धारेचं काही राहणार नाही. सगळं तेलकट आहे, तेलावर माती धरत नाही. शनिवारी सकाळी भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यात धुऊ. दोघं-तिघं आलात तर बरं.

बी-105: मी येतो.

डी-104 ताई: मी पण. आणि मोर परत करणार!

सेक्रेटरी (ए-101): ठीक आहे. दोन्ही डबे पोळ्यापर्यंत ठेवतो. मोटारीचं तांब्याचं वाइंडिंग मात्र विकणार, ते पैसे सोसायटीच्या खात्यात जमा करायचेत.

बी-204 काकू: चालेल दादा. झुलींना माझ्याकडं जुन्या इरकलीचे काठ आहेत.

सी-402 काका: आत्ताच डबे बघून आलो. जोडीला आठ पाय लागणार, 8 एमएमचे 50 एमएम लांबीचे सहाच बोल्ट सापडले. कुणाकडे दोन आहेत का?

ए-303: आमच्या मोडलेल्या पलंगाचे आहेत, बहुतेक त्याच मापाचे. संध्याकाळी आणून देते.