केंद्रातल्या शिक्षकांना ऑनलाईन तांत्रिक मदत करायची आहे, कशी उभी करू?

माळरान_४१
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, १४ वर्षं झाली नोकरीला. आमच्या केंद्रात ११ शाळा, त्यातल्या बऱ्याच द्विशिक्षकी. लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीकडून असं करत करत बहुतेक शाळांत टीव्ही आलाय, दोन ठिकाणी मोठा टच पॅनल पण आहे. पण अर्ध्या शाळांत त्याच्यावर कापड टाकून ठेवलेलं असतं हो, बघवत नाही. मागच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख म्हणाले तुम्ही तंत्रस्नेही आहात, तुम्हीच सगळ्यांना ऑनलाईन मदत करा. मी आनंदाने हो म्हटलं.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर दोन दिवसांत सुविचार, वाढदिवस, यूडायसच्या (शाळेची सरकारी ऑनलाईन माहिती) लिंका, आणि कुणी खरा प्रश्न विचारला तर तो वर कुठेतरी वाहून जातो. रविवारी मीटवर तासाभराचं प्रशिक्षण घेतलं, २८ पैकी शेवटपर्यंत ९ जण. लोकांना दोष देत नाही, आठवडाभर वर्ग, पोषण आहार, ऑनलाईन माहित्या भरून माणूस दमलेला असतो. पण मला हे मनापासून करायचंय. वर्गात उतरेल अशी मदत ऑनलाईन कशी करायची? आणि मराठीत चांगलं साहित्य कुठलं सुचवू? रेंज सगळीकडे नाही हे धरून सांगा.

खडू_फळा
सर, पहिलं म्हणजे त्या ग्रुपवर प्रश्न घेणं बंद करा. मदतीसाठी वेगळा ग्रुप काढा आणि पहिल्याच दिवशी सांगा की इथे फक्त वर्गातली अडचण टाकायची, ती पण एक फोटो आणि एक व्हॉइस मेसेज एवढीच. टाईप करायला लावू नका, अडचणीला काय म्हणतात तेच माहीत नसतं म्हणून लोक गप्प बसतात. आणि वेळ ठरवा, शाळा सुटल्यावर ५ ते ६, त्या तासात तुम्ही हमखास फोन उचलणार.

मी दोन वर्षं हेच करतोय. एकदा एका गुरुजींचा फोन, टीव्ही बिघडला, नो सिग्नल येतंय, तालुक्याला दुरुस्तीला न्यायला गाडी पण ठरवली होती त्यांनी. म्हटलं व्हिडिओ कॉल करा, मागचा कॅमेरा लावा आणि टीव्हीच्या पाठीमागे जा. लॅपटॉपची केबल एचडीएमआय दोनच्या खाचेत आणि टीव्ही एचडीएमआय एकवर लावलेला. रिमोटचं सोर्स बटण दाबून खाली एक घर सरका म्हटलं, चित्र आलं, आणि मागून पोरांचा जो ओरडा झाला तो मला इकडे ऐकू आला. तेव्हापासून माझं ठरलंय, काहीही सांगण्याआधी टीव्हीची पाठ बघायची.

सह्यकडा
मी मदत घेणाऱ्यांतली. वय ५३, तिसरी चौथी एकत्र. आम्हाला "ॲप कसं वापरावं" असं प्रशिक्षण देऊ नका हो दादा. मला ॲप नकोय, मला सोमवारी अपूर्णांक शिकवायचेत. आमच्या इथल्या एका मॅडमनी मला विचारलं होतं, या आठवड्यात कुठला पाठ अडतोय? मग त्या एकाच पाठासाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, त्यांचं बोट दिसतंय, कुठे दाबायचं ते दिसतंय, बास. मी तो सात-आठ वेळा बघितला, रात्री घरी एकटीने, कुणासमोर विचारायची लाज नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जमलं. त्या एका पाठाने माझी भीती गेली, आधीच्या सगळ्या प्रशिक्षणांनी गेली नव्हती.

अजून एक, माझ्यासाठी तुम्ही करून देऊ नका. हळू होऊ दे, पण बटण मला दाबू दे.

अंशछेद
ताई अगदी बरोबर. साहित्याचं सांगतो.

बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात ना, ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधून स्कॅन करायचे. स्कॅन होत नसेल तर कोडसोबत सहा अक्षरी कोड छापलेला असतो, तो ॲपमध्ये टाईप केला तरी चालतं, हे अनेकांना माहीतच नाही. आणि साहित्य घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवता येतं, मग शाळेत रेंज नसली तरी चालतं. दीक्षा २०१७ पासून आहे पण ऑफलाईन वापर अजून फार कमी लोक करतात.

विज्ञान आणि गणिताला फेट (PhET) बघा, कोलोरॅडो विद्यापीठाने बनवलेले स्क्रीनवर करायचे प्रयोग, फुकट, आणि बरेचसे मराठीत आहेत. प्रत्येक प्रयोगाची एकच फाईल असते, लॅपटॉपवर उतरवली की नेट नसताना ब्राउझरमध्ये चालते. विद्युत परिपथाचा प्रयोग सहावी सातवीला लावा, बल्ब, सेल, वायर ओढून जोडायचे, सर्किट तुटलं की बल्ब विझतो, पोरं स्वतः उठून येतात हात लावायला. भूमितीच्या आकृत्या स्क्रीनवर काढायला जिओजेब्रा ॲप. एवढ्यावर थांबा, एका वेळी दहा ॲप सांगितले की एकही वापरलं जात नाही.

परिपाठ_९
क्यूआर कोडचा विषय निघाला म्हणून. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव या कोडशी जोडलेलं आहे, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेच. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. मी हे आमच्या शिक्षकांना मुद्दाम सांगते, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत, आपल्यासारख्याच प्राथमिक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ते ऐकलं की लोक पुस्तक उघडून कोड शोधायला लागतात.

खडू_फळा
एक महत्त्वाचं राहिलं. लांबून फोनचा ताबा घेणारी ॲप शिक्षकांच्या मोबाईलवर टाकायला सांगू नका. त्याच फोनवर त्यांची बँक असते, आणि एकदा सवय लागली की उद्या कुणी भामट्याने सांगितलं तरी टाकतील. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर होते, तेवढं पुरतं. आणि स्क्रीन दाखवताना ओटीपीचा मेसेज आला तर लगेच बंद करायला शिकवा.

माळरान_४१
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वेगळा ग्रुप काढला, वेळ ५ ते ६ ठेवली, आणि सह्यकडा ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे फक्त विचारलं की या आठवड्यात कुठला पाठ अडतोय. रात्रीपर्यंत सहा उत्तरं आली, त्यातली चार अपूर्णांकाचीच! पहिला व्हिडिओ त्याचाच करतोय. एक शंका, टीव्ही भिंतीवर उंच आहे आणि लॅपटॉप टेबलावर, एचडीएमआय केबल किती लांब घेऊ?

खडू_फळा
पाच मीटर घ्या सर. दीड मीटरची फुकट मिळते पण ती ताणून ताणून पिन ढिली होते. आणि वायर भिंतीला क्लिपने बसवा, मधल्या सुट्टीत पाय अडकतात पोरांचे.