पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही

दादा, तुमच्या वडिलांचा पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा) ७ आला म्हणून वर चर्चेत कोणी 'कॅन्सरच' लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. ४ ते १० मध्ये कित्येकदा प्रोस्टेटची साधी वाढच निघते. 'फ्री पीएसए', म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा पीएसए, तपासून घ्या. तो एकूणच्या २५ टक्क्यांवर असला तर धोका कमी. १० टक्क्यांच्या खाली असला तर बायोप्सीचं (प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढून तपासण्याचं) लवकर विचारा.

आमच्या बाबांची ऐन कापूस वेचणीत लघवी तुंबली. तालुक्याला नळी टाकली, दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, आकडा १२! आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. नळी निघाल्यावर दीड महिन्यानं तोच ३.८ झाला. लघवी तुंबल्यानं, नळीनं आकडा चढतो, तसा लघवीतल्या जंतुसंसर्गानंही चढतो.

फिनास्टेराइड (प्रोस्टेटच्या वाढीवरची गोळी) सहा महिने चालू असेल तर मात्र ती आकडा खाली आणते, म्हणून तो दुप्पट धरून वाचतात. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवाच.